एका घराला एकदाच

फाडला! टराटरा फाडला तिने तो कागद… आधी उभा, मग आडवा, मग चारी तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडायला गेली तर फाटेनात, इतका जाड तो कागद! शेवटी ते तसेच टेबलावर आपटून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. छाती धपापत होती, पण डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"आई!" लेक किंचाळली. "अगं, एक सही हवी होती त्यावर! फक्त एक सही! आणि तू…"

"ती सही मी मागणार नाही. आणि कोणी मागितली तर त्याचं तंगडं मोडीन. कळलं?"

"पण त्यात खोटं काय आहे?" सतरा वर्षांची ती पोर रडायच्या बेताला आली होती. लहानपणापासून सतत काही ना काही गुणगुणत असायची म्हणून सगळे तिला भुंगी म्हणत. आज मात्र आवाज चांगलाच चढला होता. "अकरा वर्षं मावशी आपल्याशी बोलत नाही! ना पत्र, ना फोन! मग संबंध नाही असं तिने लिहून दिलं, तर बिघडलं कुठे?"

भुंगी पाय आपटत आत गेली, दार धाडकन लागलं, आणि कोपऱ्यात बूट काढत बसलेला टपालवाला नवरा हळूच म्हणाला, "तू असं का करतेस ते मला कळतं गं. पण पोरीला कळायला नको का?"

"अहो, तिला काय सांगू मी?" ती म्हणाली, आणि जिना उतरून खाली दुकानात गेली.

आता हा कागद कसला, ते सांगायलाच हवं. शहराच्या संगीत मंडळाची एक शिष्यवृत्ती होती, होतकरू गायक आणि पियानोवादक मुलामुलींसाठी. वर्षाला एकच. घराघरातून वर्गणी काढून लोकांनी उभी केलेली, म्हणून तिचा मान मोठा! ज्याला ती मिळे त्याला चार वर्षं मोठ्या संगीत विद्यालयात शिकायला मिळे, आणि मग त्या मुलाकडे मागे वळून बघायची वेळ येत नसे. सगळ्या घरांची म्हणून ती सगळ्या घरांना मिळावी, असं मंडळाने ठरवलं आणि नियम केला: एका घराला एकदाच. विचार चांगला होता. चांगल्या विचारांखाली किती माणसं चिरडली जातात, त्याची मात्र नोंद कोणी ठेवत नाही!

या घराला ती पंचवीस वर्षांपूर्वी मिळून गेली होती. धाकटीला, म्हणजे भुंगीच्या मावशीला.

आणि धाकटीला ती कशी मिळाली, हे फक्त थोरलीला, भुंगीच्या आईला ठाऊक होतं.

तेव्हा थोरली तेवीस वर्षांची होती. वडील पियानोच्या तारा सुरात लावायचं काम करीत. खाली दुकान, वर घर. वडिलांच्या हाताला कंप सुटला तसा खुंट्या पिळायच्या चावीला तिने हात घातला, पण जीव होता तो वाजवण्यात. काय वाजवायची! समोरच्या घरातल्या बायका हातातलं काम टाकून खिडकीत येत. तिने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, आणि चार दिवसांनी कळलं की धाकटीनेही गाण्यासाठी भरलाय. दोघी एकाच घरातल्या! चिटणीस म्हणाले, एक अर्ज मागे घ्या, नाहीतर दोन्ही बाद.

तिने रात्रभर विचार केला नाही, की उशी भिजवली नाही. तिथल्या तिथे टेबलावरचं पेन उचललं आणि स्वतःचा अर्ज मागे घेतला. घरी येऊन धाकटीला सांगितलं, "मी अर्ज भरलाच नव्हता. पट्ट्यांवर बोटं आपटायचा कंटाळा आलाय मला. ही असली कौतुकं रिकामटेकड्यांना लखलाभ!"

मुद्दामच बोलली ती तसं, धाकटीच्या मनावर ओझं नको म्हणून. पण खोटं बोलायचं तर बेताने बोलावं, ही फार उत्तम बोलली! धाकटीला ते खरंच वाटलं. पुढे ती मोठी गायिका झाली, गावोगावच्या सभागृहांत गायली, आणि ताई एकदाही ऐकायला आली नाही. येणार कशी? पहिल्याच ओळीला काळीज फाटलं असतं तिचं… पण धाकटीला कुठे माहीत! तिने मनाशी ठरवून टाकलं की ताईच्या लेखी आपलं गाणं म्हणजे रिकामटेकडेपणा.

मग अकरा वर्षांपूर्वी वडील गेले. धाकटीचा दौरा चालू होता, निरोप उशिरा पोचला आणि ती तिसऱ्या दिवशी दारात उभी राहिली. थोरली तीन दिवसांची जागी, अन्नपाण्यावाचून, दुःखाने आंधळी झालेली… तोंडातून शब्द गेला.

"आता कशाला आलीस? हे तुझं घर नाही!"

झालं. धाकटीने बॅग खालीसुद्धा ठेवली नव्हती, ती तशीच वळली आणि गेली. जीभ आपली, शब्द आपला, आणि जखम जन्माची! थोरलीने पत्रं लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली. नवरा टपालखात्यात, पाकिटं न्यायला घरचाच माणूस, पण त्याच्या पिशवीत टाकायची हिंमत तिला अकरा वर्षांत झाली नाही.

आणि आता भुंगीने अर्ज भरला होता. आईच्याच बोटांची पोर! मंडळाचं उत्तर आलं: 'या घरास शिष्यवृत्ती पूर्वी मिळालेली आहे. सदर गायिकेचा कायमचा पत्ता, त्यांनी दरवर्षी भरून पाठवलेल्या माहितीपत्रकानुसार, आजही हाच आहे.'

ते पत्र आईने दुकानात, उघड्या पियानोच्या तारांवर वाकून सात वेळा वाचलं होतं. लेकीची संधी गेली ते त्यात होतंच, पण तिची नजर खिळली होती ती दुसऱ्या वाक्यावर. दरवर्षी! हे तुझं घर नाही, असं तोंडावर ऐकून गेलेली पोरगी दरवर्षी स्वतःच्या हाताने लिहीत होती की माझं घर हेच! अकरा वर्षं… अकरा वेळा!

आताचा चिटणीस काही वाईट माणूस नव्हता. त्यानेच पळवाट काढून दिली आणि कागदही टाइप करून पाठवला: 'मी लिहून देते की वरील पत्त्याच्या घराशी माझा कसलाही संबंध उरलेला नाही.' खाली धाकटीची सही आली की घर मोकळं, भुंगीला चाचणीला बसता येईल.

म्हणजे जे वाक्य एकदा तोंडातून गेलं म्हणून अकरा वर्षं ती जळत होती, तेच आता बहिणीकडून लिहून मागायचं! तेही तिने जपलेला एवढासा पत्ता खोडायला लावून! छे, छे… लेकीच्या सोन्यासारख्या भविष्यासाठीसुद्धा नाही. म्हणून तो कागद फाटला.

आई ही अशी, तर लेक काय कमी असणार? भुंगीने ते चार तुकडे उचलले, मागून चिकटपट्टी लावली, जुन्या वहीतून मावशीचा पत्ता शोधला आणि पाकिटात कागद घातला. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच: 'सही करून मंडळाच्या पत्त्यावर पाठवावे.' घाईत खाली नाव लिहायला विसरली.

चौकातली पेटी उघडताना ते पाकीट नवऱ्याच्या हाती आलं. अक्षर लेकीचं, पत्ता मेहुणीचा! बिचारा घामाघूम झाला. पण पेटीत पडलेलं पत्र टपालवाल्याने अडवायचं नसतं, मग घरी बायकोचा धाक कितीही असो. त्याने ते बाकीच्या पत्रांत घातलं आणि घरी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. घरजावई असला तरी त्या बाबतीत तो आपल्या खात्याचा होता.

चाचणीच्या दिवशी सकाळी आठपासून थोरली मंडळाच्या सभागृहात होती. दरवर्षी असायची! ज्या शिष्यवृत्तीने तिला दार दाखवलं, तिचा पियानो पंचवीस वर्षं तीच लावत आली होती. दैवाला तरी लाज वाटायला हवी होती, पण तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. आज मात्र चावी पिळताना मनगटात रग होती. शेवटची तार लावून ती सामान आवरत होती, तेवढ्यात शेजारच्या कचेरीतून भुंगीचा आवाज आला. ही इथे काय करतेय? ती तशीच हातात चावी घेऊन आत शिरली.

आणि जागीच थिजली.

चिटणीसांच्या टेबलासमोर धाकटी उभी होती. केसांत रुपेरी बट, डोळ्यांवर चष्मा… पण मान तीच, ताठ. सहीचा कागद आला का ते विचारायला आलेली भुंगी भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"ये ताई," धाकटी म्हणाली. "तुझ्याच कामाला आलेय. कुठे करायची सही?"

"सही करायची नाही."

"का? तुझंच वाक्य आहे ना? मी फक्त खाली नाव घालते." धाकटीने पिशवीतून तो चिकटवलेला कागद काढला. "अकरा वर्षांनी त्या घरातून पत्र आलं. पाकिटामागे घरचा पत्ता बघितला आणि मला उघडवेना, एवढा आनंद झाला होता! आणि आत काय? दुसऱ्याच कोणाकडून लिहवून घेतलेली चिठ्ठी आणि संबंध नसल्याचा कागद! आधी फाडलेला, मग चिकटवलेला… म्हणजे तुलाही दोनदा विचार करावा लागला, एवढंच माझं समाधान!"

"अगं, मी तो फाडलाच होता! चिकटवलाय या कार्टीने!"

धाकटीने वळून भाचीकडे पाहिलं. भुंगीने मान खाली घातली.

"मावशी, आईला माहीत नव्हतं," ती पुटपुटली. "तिने मला सांगितलं होतं, सही मागायची नाही म्हणून. चुकलं माझं."

चिटणीस खाकरला. बिचाऱ्याला बायकांच्या डोळ्यांतल्या पाण्याची सवय नव्हती, नियमांची होती. "हे बघा, सही करायची असेल तर जुन्या नोंदीसमोर करावी लागेल," असं म्हणत त्याने कपाटातून पंचवीस वर्षांपूर्वीची नोंदवही काढली, धूळ झटकली आणि बोट ठेवून वाचायला लागला. "हं… हा पत्ता. अर्ज दोन. एक गायन, मंजूर. एक पियानो, अर्जदाराने स्वतः मागे घेतला. मागे घेण्याचं कारण…"

"ते वाचू नका," थोरली म्हणाली.

"…'धाकटी माझ्यापेक्षा सरस आहे.'"

धाकटीने वही स्वतःकडे ओढली, चष्मा वर केला, ते अक्षर बघितलं. ताईचंच अक्षर, उजवीकडे झुकलेलं! लहानपणी तिच्या वह्यांवर तिचं नाव याच अक्षरात घातलेलं असायचं.

"तू अर्ज भरला होतास?" धाकटीने विचारलं. "तू तर म्हणालीस… रिकामटेकड्यांची…"

"म्हणाले असेन काहीतरी."

"ताई! पंचवीस वर्षं मी समजत होते, माझं गाणं तुला तुच्छ वाटतं! तू कधी ऐकायला आली नाहीस!"

"आले असते तर तिथेच ढसाढसा रडले असते. लोकांनी तुझं गाणं ऐकायचं की माझं रडणं?" आणि मग इतका वेळ अडवलेलं सगळं एकदम फुटलं. "चुकलं माझं! एकदा खोटं बोलले ते चुकलं, आणि बाबा गेले तेव्हा खरं दुःख होतं, पण शब्द खोटा निघाला, तेही चुकलं! घर तुझंच आहे. होतं, आहे, राहील. अकरा वर्षं तू ते लिहीत राहिलीस, आणि मी करंटी तुला साधी एक ओळ लिहू शकले नाही…"

धाकटीने तो कागद चुरगाळला आणि बहिणीच्या गळ्यात पडली. दोघी अशा रडल्या, की बाहेर रांगेत उभी असलेली मुलं दारातून डोकावून गेली.

भुंगी हे सगळं बघत होती. तिने डोळे पुसले, सरळ टेबलापाशी आली आणि पेन उचललं.

"काय करतेस?" चिटणीसाने विचारलं.

"मावशी सही करणार नाही. करूही नये. मी माझा अर्ज मागे घेते. कुठल्या रकान्यात लिहायचं कारण?"

"खबरदार!"

एवढ्या जोरात थोरली आजवर कधी ओरडली नव्हती. हातातली चावी टेबलावर आदळली, शाईची दौत हलली, चिटणीस खुर्चीसकट मागे सरकला. तिने लेकीच्या हातातलं पेन ओढून घेतलं.

"या घरात एकीने मागे सरून झालंय! काय मिळालं त्यातून? मी मुकी झाले, ही पोरकी झाली, बाबा आम्हा दोघींना एका खोलीत बघायच्या आशेवर गेले! त्याग, त्याग म्हणतात तो हा! पुरे झाला! अर्ज मागे घेतला जाणार नाही. नाकारायचाय ना? हे घ्या पेन, चिटणीससाहेब. तुम्ही नाकारा. तुमच्या हाताने."

"अहो बाई, नियम…"

"असेल ना! नियमात नाकारायचं कारण लिहावं लागतं, तेही असेल. लिहा! 'अर्जदाराची मावशी पंचवीस वर्षांपूर्वी चांगली गायली, आणि ती अजून या घराला आपलं घर समजते, म्हणून अर्ज नामंजूर.' लिहा की! आणि अक्षर चांगलं काढा. पंचवीस वर्षांनी कोणीतरी मोठ्याने वाचणार आहे."

चिटणीसाने पेन घेतलं. 'अर्जदाराची मावशी' इथपर्यंत लिहिलं. मग थांबला, चष्मा पुसला, पुन्हा पेन टेकवलं… समोर तीन बाया उभ्या, एकीच्याही डोळ्यांत विनवणी नाही! असा प्रसंग त्याच्या नोकरीत आला नव्हता. नियमांची पुस्तिका काढून त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली.

"यात घर म्हणजे काय, ते कुठेच लिहिलेलं नाही," तो शेवटी म्हणाला. "आजवर आम्ही आपला पत्ता बघत आलो. एक पत्ता, एक घर. पण मला हे कारण लिहवत नाही, बाई. आणि कारणाशिवाय नाकारता येत नाही." त्याने ते अर्धं वाक्य खोडलं. "मुलीचा नंबर सातवा. कोणी हरकत घेतली तर मला उत्तर द्यावं लागेल, एवढं लक्षात ठेवा."

"आमच्याकडे पाठवा त्यांना," धाकटी नाक पुसत म्हणाली. "पत्ता आहेच तुमच्याकडे."

भुंगी सातवी बसली. दोघी बहिणी मागच्या रांगेत एकमेकींचा हात धरून ऐकत होत्या. पोरीने सुरुवात जरा घाईत केली, एका जागी बोट घसरलं, पण मधला संथ भाग असा वाजवला की धाकटीने बहिणीचा हात घट्ट दाबला. "ताई, हे तुझं आहे," ती कुजबुजली. थोरलीने मान हलवली. नाही, ते पोरीचं स्वतःचं होतं, आणि म्हणूनच तिला भरून येत होतं.

शिष्यवृत्ती भुंगीला मिळाली नाही! एका परिचारिकेच्या मुलीला मिळाली, गाण्यासाठी. ती गायलीच तशी, काय बोलणार! निकाल वाचला तेव्हा भुंगीने टाळ्या वाजवल्या, बाहेर पायरीवर येऊन बसली आणि मग ओंजळीत तोंड लपवून रडली.

"सरसच होती मेली," ती हुंदके देत म्हणाली.

"होती," आई म्हणाली. तिने लेकीची समजूत काढली नाही, फक्त शेजारी बसली. आपल्याला हे रडणंसुद्धा कधी मिळालं नव्हतं, असं तिला वाटलं. वाजवून हरलेल्या माणसाचं रडणं वेगळं असतं, त्यात कुठेही कुजकेपणा नसतो.

"माझ्याकडे ये राहायला," मावशी म्हणाली. "माझ्या ओळखीचे शिक्षक आहेत. मी बघते सगळं."

"नको." भुंगीने बाहीने नाक पुसलं. "शिकायला येईन सुट्टीत. पण मला मंडळाचीच हवी. पुढच्या वर्षी परत भरणार अर्ज. बघू कोण अडवतंय!"

"कोणाची पोर आहे ही?" धाकटीने विचारलं.

"आपली," थोरली म्हणाली.

घराच्या दारात धाकटी क्षणभर थबकली. नवऱ्याने आतून बॅग घ्यायला हात पुढे केला, तरी तिचं पाऊल उंबऱ्यापाशीच अडलेलं! थोरलीला तो अकरा वर्षांपूर्वीचा दिवस आठवला, तेव्हाची ती बॅग… पण आता रडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"आत ये की! का निमंत्रणपत्रिका छापू?"

धाकटी हसत आत आली, चार दिवस राहिली, आणि त्या चार दिवसांत तिने बहिणीला एक गोष्ट करायला लावलीच.

सोमवारी सकाळी शाळेच्या बाई आपल्या पियानोची चौकशी करायला दुकानात आल्या. पंचवीस वर्षं कामाच्या वेळी त्या दुकानातून एकच एक सूर पुन्हा पुन्हा ठोकल्याचा आवाज यायचा, आज काही वेगळंच ऐकू येत होतं. जिन्यावर धाकटी गुडघ्यांत हनुवटी घालून बसली होती, तिच्या वरच्या पायरीवर भुंगी, आणि खाली, खिडकीजवळच्या पियानोवर, ती. बोटं जड झाली होती, मध्येच अडखळत होती, पुन्हा मागे जाऊन तीच ओळ घेत होती. बाई जरा वेळ दारात घुटमळल्या.

"काही बिघडलंय का हो याच्यात?"

"बिघडलं काही नाही," मान वर न करता ती म्हणाली. "मी वाजवतेय. बसा जरा."